तीन ठिपक्यांची संमती

१

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ठिपके उठवणारे यंत्र सुरू केले, पण त्याने एकही ठिपका उठवला नाही.

सोलापूरच्या नव्या पेठेत, कापडाच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर 'करदीप' नावाचे ब्रेल मुद्रणालय आहे. त्या सकाळी तेथे नोकरभरतीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका एकोणीस अंध उमेदवारांसाठी छापायची होती. सातला सीलबंद पाकीट फोडायचे, नऊपर्यंत छपाई उरकायची, दहाला प्रती केंद्रावर पोचवायच्या, असे ठरले होते. पाकीट फोडून मजकूर भरण्यात दहा मिनिटे गेली, मग यंत्र सुरू करताच पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली. तिचा अर्थ असा, की तुम्ही ज्याला हाक मारीत आहात ते आता येथे नाही. गोपनीयतेसाठी फोन खोलीबाहेर ठेवलेला तंत्रज्ञ अझरुद्दीन नदाफ साडेदहापर्यंत घामाघूम होऊन खटपट करीत राहिला. तिकडे केंद्रावर एकोणीस माणसे कोऱ्या कागदांवर हात ठेवून बसली आणि उठून घरी गेली. त्यांतल्या दिपक बनसोडे याची परीक्षेला बसण्याची वयोमर्यादा त्याच महिन्यात संपत होती.

सोमवारी अकरा वाजता मुद्रणालयाचे अध्यक्ष मल्लिनाथ हिरेमठ गुरुजी जिना चढून आले. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर संस्कृत शिकवले, आवाज कधी चढवला नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातातली काठी प्रत्येक पायरीवर अशी आदळत होती, की खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माना वर केल्या.

व्यवस्थापक प्रभु कोनापुरे यांनी एक टंकलेले पत्र पुढे सरकवले. "गुरुजी, परीक्षा विभागाने आज पाचपर्यंत लेखी कारण मागितलंय. ड्राफ्ट तयार आहे. फक्त तुमची सही."

गुरुजींनी चष्मा लावून पत्र वाचले. 'सदर बिघाड हा स्पर्शाक्षर या सॉफ्टवेअरच्या देखभालकर्त्या श्रीमती सबिहा बागवान यांनी कोणतीही पूर्वसूचना न देता व संस्थेची संमती न घेता जुना इंटरफेस काढून टाकल्यामुळे उद्भवला. त्यांना या जबाबदारीतून तात्काळ दूर करावे, अशी संस्थेची शिफारस आहे.'

गुरुजींनी पत्र पुन्हा वाचले. सबिहा त्यांची विद्यार्थिनी. नऊ वर्षांपूर्वी दोघांनी मिळून स्पर्शाक्षर उभे केले होते. मराठी मजकुराचे ब्रेल करणारी ती आज्ञावली मुक्तस्रोत होती. कोणीही न्यावी, उघडून पाहावी, सुधारावी. अक्षरांची कोष्टके गुरुजींची, बाकीची सारी रचना सबिहाची. आणि तिनेच एकोणीस माणसांच्या हातांखालचा कागद कोरा ठेवला?

"तिला बोलवा," गुरुजी म्हणाले. "सही तिच्या तोंडावर करीन."

२

सबिहा वीस मिनिटांत आली. तिचे घर पेठेतच, वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानामागे. खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, ओढणी वाऱ्याने विस्कटलेली, डोळे रात्रभर न मिटलेले.

"सबिहा," गुरुजी म्हणाले, "दिपक बनसोडेला आता पुन्हा परीक्षेला बसता येणार नाही. हे तुला ठाऊक आहे?"

"आहे, गुरुजी. काल बातमी कळताच मी जुनं दार परत बसवलं. साडेअकरा वाजले होते. काय उपयोग त्याचा?"

"मग काढलेस कशाला?"

"काढलं, कारण तुम्ही हो म्हणालात." तिने लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. "या मुद्रणालयाने हो म्हटलं. लेखी."

कोनापुरे हसले. "बघा गुरुजी. आता आपल्यावरच ढकलतायत मॅडम."

गुरुजींनी हाताने त्यांना थांबवले. शास्त्रचर्चेत प्रथम पूर्वपक्ष ऐकावा, समोरच्याचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू द्यावे आणि मग खंडन करावे, ही शिस्त त्यांनी पन्नास वर्षे पाळली होती. रागातही ती मोडली नाही. "बस. पहिल्यापासून सांग. या कोनापुऱ्यांनाही समजेल असे सांग."

सबिहा बसली. "एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं, तर त्याला आत शिरायला ठरावीक दार लागतं. त्यालाच इंटरफेस म्हणतात. स्पर्शाक्षराच्या जुन्या दारातून एका वेळी एकच ओळ जायची. नव्या दारातून अख्खं पान जातं. दोन्ही दारं ठेवली की प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते, आणि करणारी मी एकटी, नोकरी सांभाळून. म्हणून दीड वर्षापूर्वी मी जाहीर केलं, की जुनं दार निवृत्त होणार. पण लगेच पाडलं नाही. जुन्या दारातून जो कोणी जाईल त्याला दर वेळी पडद्यावर इशारा मिळेल, अशी सोय केली. आणि स्पर्शाक्षर वापरणाऱ्या सातही मुद्रणालयांना पत्रं लिहिली."

"आणि नियम?" गुरुजींनी विचारले.

"तुमचाच नियम, गुरुजी. सातांपैकी एकाने जरी नाही म्हटलं, तरी दार काढायचं नाही. आणि हो म्हणायचं, तर नव्या दाराने छापलेलं एक पान पाठवायचं. त्या पानावर तिथल्या अंध वाचकाची स्वतःची खूण हवी. सहा जण वर्षभरात आले. सातव्यासाठी मी थांबले होते." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "सातवं उत्तर तेरा जानेवारीला आलं. या मुद्रणालयाच्या पत्रपेटीतून."

पडद्यावर एका ब्रेल पानाचा फोटो होता. खाली दोन ओळी: 'आमचे सर्व काम नव्या पद्धतीवर आले आहे. जुना इंटरफेस काढण्यास हरकत नाही.' आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले.

गुरुजी पडद्याजवळ वाकले. ती खूण ते पंधरा वर्षे पाहत आले होते. मुद्रणालयाच्या वाचक मनकर्णाबाई शिवशरण यांची ती खूण होती.

३

मनकर्णाबाई आतल्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या लांब टेबलावर पाने वाचत बसल्या होत्या. वय साठीचे. देवीच्या आजारात बालपणीच दृष्टी गेली. दोन्ही हातांची बोटे पानावरून पाण्यासारखी सरकत. या मुद्रणालयातून त्यांच्या बोटांखालून न गेलेले एकही पान बाहेर पडत नसे.

"गुरुजी का? काठी लई जोरात आपटताय आज."

"मनकर्णाबाई, तेरा जानेवारीच्या एका पानावर तुमची खूण आहे. नव्या पद्धतीने छापलेले पान."

बोटे थांबली. "न्हाय."

"मी डोळ्यांनी पाहिली."

"तुमी डोळ्यांनी बघितली आसंल. मी हातानं केली न्हाय." त्यांचा आवाज चढला. "त्या नव्या पद्धतीनं तक्त्याचा शेवटचा रकाना सरकतोय आपल्या मशिनीवर. मी डिसेंबरातच कोनापुऱ्यांस्नी सांगितलं, सबिहाला कळवा, नीट झाल्याबिगर मी हो म्हननार न्हाय. गणिताच्या पेपरात रकाना सरकला तर पोरगं नापास हुतंय, म्हायती हाय का? ते म्हनले, कळवतो."

दारात उभी असलेली सबिहा पुढे आली. "मावशी, मला कोणीच कळवलं नाही! रकाना सरकणं म्हणजे एका संध्याकाळचं काम होतं."

"मंजी सांगितलंच न्हाय?" मनकर्णाबाईंनी मान वळवली. "मग माज्या बोलन्याचं केलं काय त्यांनी? लोनचं घातलं?"

कोनापुरे बाहेरून म्हणाले, "बाई, डिसेंबरात तुम्ही काहीतरी म्हणालात खरं. मग जानेवारीत ओके दिलंत. वय झालं की विसरायला होतं. त्यात काही कमीपणा नाही."

मनकर्णाबाईंनी वाचून झालेले पान उचलले, पालथे घातले, फेल्टच्या जाड मऊ तुकड्यावर ठेवले आणि डाव्या हाताने कोपरा चाचपून स्टायलसच्या, ठिपके दाबायच्या सळईच्या, टोकाने तीनदा दाबले. टक, टक, टक. पान सुलटे करून कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि ते गठ्ठ्यावर ठेवले.

"चाळीस वर्सं वाचतेय मी," त्या म्हणाल्या. "काय वाचलं ते इसरंन येकवेळ. कशाला हो म्हनलं ते इसरायची न्हाय."

गुरुजी बाहेर आले. दोघींपैकी एक खोटे बोलत होती, आणि ती कोणती हे ठरवायची त्यांची तयारी नव्हती. जिन्यात पावले वाजली. पांढरी काठी टेकत एक माणूस वर आला आणि दारातच म्हणाला, "माझ्यापुढं कोरा कागद कुनी ठेवला, तेवढं नाव सांगा. मी जातो."

४

तो दिपक बनसोडे होता. कोनापुऱ्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले, पत्र तयार होत असल्याचे सांगितले. दिपकने पाणी घेतले नाही.

"पाच वाजेपर्यंत नाव मिळेल," गुरुजी म्हणाले. "खरे नाव."

"बसतो मी," दिपक म्हणाला. "काल बी बसलोच हुतो की."

हे वाक्य गुरुजींच्या छातीत काट्यासारखे राहिले. ते यंत्राच्या खोलीत गेले. अझरुद्दीन यंत्राचे झाकण उघडून उगाच आत पाहत होता.

"अझर, दीड वर्ष पडद्यावर इशारा येत होता म्हणते सबिहा. तू पाहिलास?"

अझरुद्दीनने झाकण लावले. "सर, इशारा मीच बंद केला."

"काय?"

"मावशीचा कॉम्प्युटर पडदा वाचून दाखवतो ना, आवाजात. जुन्या दारानं एक एक ओळ जाते, मग दर ओळीला तो इशारा. पानात सत्तावीस ओळी. सत्तावीस वेळा इंग्रजीतनं तेच तेच. मावशी म्हणाली, अझर, ह्याचं थोबाड बंद कर, मला काम करू दे. एकदा कळलं ना जुनं दार जाणार, झालं. मी सगळेच इशारे बंद केले." त्याने कपाळावर हात मारला. "फेब्रुवारीत शेवटचा इशारा आला असणार, पुढच्या महिन्यात खरोखर काढतोय म्हणून. तो पण गप्प झाला, सर. शनिवारी सकाळी नवी आवृत्ती आली. कुरकुर काही नाही, म्हणून बसवली. दुपारी परीक्षेचे साहेब येऊन खोली सील करून गेले. चाचणीचं पान काढायचं राहिलं. माझी चूक हाय ती. लिहा पत्रात."

डोळस माणसांसाठी ठेवलेली सूचना अंध वाचकाच्या कानांना छळ झाली होती, आणि दयेपोटी तिचा गळा दाबला गेला होता. गुरुजींना राग आला, पण तो अझरवर ठरेना. शिवाय यातून प्रश्न सुटत नव्हता. इशारा मुका झाला तरी सबिहाने दार काढले नसते. ते त्या संमतीने काढले गेले.

"पत्रपेटीचा पासवर्ड कोणाकडे असतो?"

"कोनापुरे सर आणि मी. दोघंच."

"तेरा जानेवारीचे ते उत्तर तू पाठवलेस?"

अझरुद्दीनने वर पाहिले. "आईची शपथ, सर, नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा होती, सुट्टी घेऊन मी तीन दिवस आईला घेऊन मामाकडं वेळापूरला होतो."

त्याची आई बिबीजान पाच वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने आंधळी झाली होती. यंत्राशेजारी अझरची ब्रेल पाटी पडलेली होती, आणि तिच्यात आईसाठी अर्धवट लिहिलेली सामानाची यादी. उजवीकडून डावीकडे, जशी हाताने ब्रेल लिहावी लागते तशी.

"वेळापूरला होतास, पण पत्रपेटी फोनवरही उघडते ना?"

"उघडते," अझरुद्दीन हळू आवाजात म्हणाला. बाहेरून कोनापुऱ्यांचा आवाज आला. "मी आधीच म्हणणार होतो गुरुजी. पण पोराच्या नोकरीचा प्रश्न, म्हणून गप्प बसलो."

५

तीन वाजले. पत्र टेबलावर, त्यावर पेन. सबिहा भिंतीला टेकून उभी. कोनापुऱ्यांच्या डोक्यावर जानेवारीतल्या समारंभाचा मोठा फोटो टांगलेला होता. 'संपूर्ण नवीन प्रणालीचे लोकार्पण, १५ जानेवारी.' मध्ये मुंबईहून आलेले पाहुणे, शेजारी कोनापुरे, आणि हातात कात्री घेतलेले स्वतः गुरुजी.

"कोनापुरे, तेरा तारखेचे पान तुम्ही पाहिले होते?"

"पाहून काय करू? मला ते ठिपके वाचता येत नाहीत हो. मी ॲडमिनिस्ट्रेशन बघतो." त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "गुरुजी, सबिहाचं नाव घालायचं नसेल तर बाईंचं घाला. वाचकाच्या अनवधानाने चुकीची संमती गेली. वयस्कर, अंध. कोणी जास्त विचारणार नाही. फक्त पाच वाजायच्या आत."

गुरुजींनी त्यांच्याकडे असे पाहिले, की कोनापुऱ्यांनी नजर फाइलवर वळवली. त्यानंतर गुरुजी आतल्या खोलीत गेले आणि मनकर्णाबाईंच्या समोर बसले.

खिडकी पश्चिमेची. कलते ऊन टेबलावर आडवे येत होते, आणि त्या उन्हात वाचून ठेवलेल्या पानांचे ठिपके एकेक करून उभे राहिले होते. प्रत्येक उंचवट्याच्या उन्हाकडच्या अंगाला उजेड, पलीकडच्या अंगाला बारीकशी सावली. गुरुजी पाहत राहिले. पंधरा वर्षे ते ही पाने पाहत होते, पण डोळ्यांनी वाचणारा माणूस ठिपका मोजतो, त्याची सावली कोण पाहतो? त्यांनी गठ्ठ्यातल्या पहिल्या पानाचा कोपरा पाहिला. तीन ठिपके, तीन सावल्या, मजकुराच्या ठिपक्यांच्याच बाजूला.

ते ताडकन उठले. या वयात त्यांना तसे उठताना कोणी पाहिले नव्हते.

"सबिहा! तो फोटो मोठा कर. आणखी. मजकुराच्या एका ठिपक्यावर ने. सावली कोणत्या बाजूला?"

"उजव्या."

"दुसऱ्यावर."

"उजव्याच. दिवा डावीकडे असणार."

"आता कोपऱ्यावर ने."

सबिहाने चित्र सरकवले. तीन ठिपके पडद्यावर बशीएवढे झाले. ती वाकली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"गुरुजी... सावली डावीकडे आहे. तिन्हींची."

"बोलू नकोस," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसव. चार कोरी ब्रेल पाने आण. फेल्ट आणि स्टायलसही."

६

बाहेरच्या खोलीत टेबलाभोवती सारे बसले. दिपक दाराजवळच्या खुर्चीत तसाच होता.

"पत्र पाठवण्यापूर्वी एक विधी," गुरुजी शांतपणे म्हणाले. "या खोलीत जे बोलले गेले ते प्रत्येकाने ऐकले, याची साक्ष म्हणून प्रत्येकाने कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात मनकर्णाबाईंसारखी तीन ठिपक्यांची खूण करावी. खूण सर्वांना ठाऊक आहे. सबिहा, तू आधी."

सबिहाने पान पालथे घातले, कोपऱ्यात तीनदा दाबले, सुलटे केले. मनकर्णाबाईंनी तसेच केले. अझरुद्दीनने तर पान हातात येताच न बघता उलटवले. आईच्या याद्या लिहून हात तसाच वळलेला होता.

"कोनापुरे."

"हे जरा नाटकी नाही का होत?" कोनापुरे म्हणाले, पण त्यांनी पान पुढे ओढले आणि उजव्या कोपऱ्यात स्टायलस नेटकेपणाने तीनदा टेकवला. पान जसे होते तसेच, सुलटे.

गुरुजींनी चारही पाने मनकर्णाबाईंपुढे ठेवली. "वाचा, बाई."

त्यांचा अंगठा पहिल्या पानाच्या कोपऱ्यावरून गेला, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्यावर तो गेला, परत आला, पुन्हा गेला. "हितं तर खड्डं हायत," त्या म्हणाल्या. "हे वाचायचं कसं? ही खूणच न्हाय."

"डोळ्यांना ती खूण वाटते," गुरुजी म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज प्रथमच चढला. "डोळ्यांना उंचवटा आणि खड्डा सारखेच दिसतात. ठिपका मागून दाबावा तेव्हा पुढे उठतो, हे ज्याची बोटे वाचतात त्याला सांगावे लागत नाही. सबिहाला ठाऊक आहे, अझरला ठाऊक आहे. ज्याने तेरा जानेवारीला या बाईंची खूण केली, त्याने ती बघून उतरवली. फोटोत मजकुराची सावली एकीकडे पडते आणि खुणेची दुसरीकडे, कारण मजकूर वर उठलेला आहे आणि खूण आत गेलेली आहे. पत्रपेटी दोघांच्या हाती. त्यांतला एक पान उलटवल्याशिवाय ठिपका उठवू शकत नाही. दुसरा तुम्ही."

कोनापुऱ्यांनी चौथे पान दूर सारले. ते म्हणाले, "गुरुजी, पंधरा तारखेला पाहुणे येणार होते. तारीख मिळायला आठ महिने लागले होते. नवी प्रणाली पूर्ण झाली नाही, असं त्यांना काय तोंडाने सांगायचं? एक पान नव्या पद्धतीने छापलं मी, अझर नव्हता तेव्हा. बाई अडून बसल्या होत्या."

"आणि जुने दार निघेल, हे सुचले नाही?"

"जुनं कधी जातं का हो?" ते जवळजवळ ओरडले. "सरकारी कचेरीत 'बंद होणार' म्हणून लिहिलेले फॉर्म दहा दहा वर्षं चालतात! मला वाटलं, आज हो म्हणू, मग सावकाश सगळं नव्यावर नेऊ. मला काय ठाऊक, ही मुलगी खरंच शब्द पाळून फक्त आपल्यासाठी थांबली असेल!"

"थांबलेच होते," सबिहा म्हणाली. "आणखी पाच वर्षं थांबले असते. तुम्हाला 'नाही' एवढंच लिहायचं होतं."

मनकर्णाबाई उठल्या. टेबलाच्या कडेने चालत कोनापुऱ्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "मी न्हाय म्हनले हुते. माज्या न्हायचं तुमी व्हय केलंत. आनि फोटू धाडलात. कागद धाडला आसता तर कुनीतरी बोटानं वाचला आसता, चोरी कळली आसती. माजीच खूण, आनि मलाच वाचता येऊ नये अशी धाडली."

"ते माझंही चुकलं, मावशी," सबिहाने मान खाली घातली. "नियम टपालाने पान मागवण्याचा होता. गेल्या वर्षीपासून वेळ वाचावा म्हणून मी फोटो चालवून घेऊ लागले."

दिपक उभा राहिला. काठी त्याने घट्ट धरली होती. "कोनापुरे ना? प्रभु कोनापुरे." त्याने नाव दोनदा उच्चारले, पाठ करावे तसे. "समारंभ चांगला झाला का हो?"

गुरुजींची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. त्यात कात्री त्यांच्या हातात होती, चेहऱ्यावर समाधान होते. त्या दिवशी त्यांनी मनकर्णाबाईंना एक शब्दही विचारला नव्हता. बाई तेव्हा आतल्या खोलीत जुन्या दाराने आलेली पाने वाचत बसल्या होत्या, आणि टाळ्यांचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला असणार.

चार वाजून वीस मिनिटे झाली होती. गुरुजींनी तयार पत्र उभे फाडले, आडवे फाडले आणि कोरा कागद ओढून स्वतःच्या हाताने लिहू लागले. सबिहा बागवान यांनी दीड वर्ष आधी सूचना दिली, प्रत्येक संस्थेची संमती मागितली. या संस्थेच्या वाचक मनकर्णा शिवशरण यांनी ती नाकारली. व्यवस्थापक प्रभु कोनापुरे यांनी त्यांची खूण खोटी करून ती दिल्याचे कळवले. अझरुद्दीनची चूक लिहिली, तिच्या कारणासह. सबिहाने फोटो चालवून घेतल्याचे तिच्याच सांगण्यावरून लिहिले. एकोणीस उमेदवारांचा यात तिळमात्र दोष नसून त्यांची परीक्षा पुन्हा घेतली जावी आणि वयाची अट त्यांना लागू करू नये, असे लिहिले. आणि शेवटी: 'या अपूर्ण कामाचे लोकार्पण मी स्वतः, वाचकाला न विचारता केले. मल्लिनाथ हिरेमठ, अध्यक्ष.'

"अझर, हे ब्रेलमध्ये काढ. जुन्या दाराने. ते आज उघडे आहे."

यंत्र पुन्हा खडखडू लागले. दिपकने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि पान संपेपर्यंत ती हलवली नाही. मनकर्णाबाईंनी उबदार कागद हाती घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कोणी घाई केली नाही, पाचला दहा मिनिटे असतानाही नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पान पालथे घातले आणि फेल्टवर ठेवले.

टक, टक, टक.

पान सुलटे करून त्यांनी ते कोनापुऱ्यांच्या दिशेने धरले.

"डोळं मिटा," त्या म्हणाल्या. "आनि हात लावून बघा. ही खूण माजी."